पेरणीची पाळी रविवारी आली तर? वचनावरचा भरवसा आणि वचनाचे पालन

कोरडवाहू (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. गावात ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत आणि रविवारच्या उपासनेसाठी आम्ही शेजारच्या मोठ्या गावातल्या मंडळीत (चर्चमध्ये) जातो. वावर काळ्या मातीचे आणि कोरडवाहू आहे. घरची बैलजोडी विकली गेल्यापासून पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते आणि ट्रॅक्टरवाला ज्याची पाळी असेल त्याच्याच वावरात जातो. मृगाचा पाऊस पडून वाफसा (पेरणीजोगी ओल) आला की गावातल्या प्रत्येकाला तो ट्रॅक्टर एकाच दिवशी हवा असतो. यंदा आमची पाळी नेमकी रविवारी सकाळी येईल अशी चिन्हे आहेत. ती सोडली तर पुन्हा नंबर केव्हा लागेल, हे ट्रॅक्टरवालाही सांगू शकत नाही.

वडिलांचे म्हणणे असे की आजोबांनी रविवारी कधी वावरात पाय ठेवला नाही, आपणही ठेवायचा नाही, बाकीचे देव पाहून घेईल. आईचे म्हणणे असे की बियाण्याचे आणि खताचे पैसे उधारीचे आहेत आणि सावकार रविवार-सोमवार पाहत नाही. दोघेही रोज रात्री पवित्र शास्त्र वाचतात, त्यामुळे यातला एक विश्वासू आणि दुसरा अविश्वासू असे मला म्हणता येत नाही.

निर्गम ३४:२१ मध्ये स्पष्ट आज्ञा आहे की सहा दिवस काम करावे आणि सातव्या दिवशी विसावा घ्यावा, नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही घ्यावा. ही आज्ञा देणाऱ्याला शेतीची घाई ठाऊक होती, म्हणूनच हंगामाचा उल्लेख वेगळा केला आहे, असे मला वाटते. लूक ५:५ मध्ये पेत्र रात्रभर कष्ट करून रिकाम्या हाताने परतला होता, तरी प्रभूच्या शब्दावरून त्याने पुन्हा जाळी सोडली. त्याला जाळी टाकायला सांगितले होते, आम्हाला तर हात आवरायला सांगितले आहे. माझ्या मते दुसरे अधिक कठीण आहे. रविवारी काम करणे पाप आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न नाही. वचनावर भरवसा ठेवून ते पाळणे म्हणजे अशा वेळी नेमके काय करणे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

वर्धाकाठ

भाऊ, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे, पण त्यांच्या एका वाक्याशी सहमत नाही. "बाकीचे देव पाहून घेईल" याचा अर्थ पीक बुडणार नाही असा घेत असाल तर तो घेऊ नका. रविवार पाळणाऱ्याच्या वावरात कापूस जास्त फुटतो, अशी साक्ष मी आजवर दिलेली नाही आणि देणारही नाही. आमच्या भागात बोंडअळी आली तेव्हा ती मंडळीच्या हजेरीपटावर नावे पाहून आली नव्हती.

लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवण्याची आज्ञा आहे. तिथे लोक जे विचारतील ते देव स्वतःच आधी बोलून दाखवतो: आम्ही पेरले नाही तर खायचे काय? सहाव्या वर्षाच्या पिकावर आशीर्वाद देण्याचे अभिवचन त्यानंतर येते. पोटाची काळजी वाटणे हा अविश्वास नव्हे, असे मी त्यावरून समजतो, कारण शास्त्राने ती काळजी लपवलेली नाही. मात्र हबक्कूक ३:१७-१८ त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. अंजीर फुलले नाही, शेतांनी अन्न दिले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरीही तो परमेश्वराच्या ठायी आनंद करीन म्हणतो. त्याच्या आनंदाला पिकाचा आधार नाही.

आता शेतकरी म्हणून बोलतो. एका दिवसाने पेरणी बुडते ही भीती बऱ्याच अंशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पाहून येते. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगत आले आहे की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. दुबार पेरणीची वेळ येते ती बहुतेक पहिल्या सरीवर बियाणे टाकणाऱ्यांवर. सोयाबीन तीन ते पाच सेंटिमीटरपेक्षा खोल गेले किंवा पेरल्याबरोबर जोराचा पाऊस होऊन माती दडपली तर ते उगवत नाही, मग पेरणी शनिवारी झाली काय आणि रविवारी झाली काय. तुमची खरी अडचण वाफशाची दिसत नाही, ती ट्रॅक्टरच्या पाळीची आहे, आणि पाळी माणसांनी ठरवलेली असते. तेव्हा आधी माणसांशी बोला.

तिफण

वर्धाकाठ यांच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून वेगळे मत मांडतो. रविवार म्हणजे शब्बाथ नव्हे. शब्बाथ सातवा दिवस आहे, आणि आपण आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी, एकत्र जमतो. कलस्सैकरांस २:१६ मध्ये पौल लिहितो की सण, अमावास्या किंवा शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये. रोमकरांस १४:५ मध्ये तर एकजण एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, आणि प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी असे म्हटले आहे. निर्गमातली आज्ञा उचलून ती जशीच्या तशी रविवारवर ठेवणे हे शास्त्राचे पालन नव्हे, ते आजोबांच्या रीतीचे पालन झाले. रीत चांगली असेल, पण तिला देवाचे वचन म्हणताना जपावे.

शिवाय लूक १४:५ पाहा. शब्बाथ दिवशी बैल विहिरीत पडला तर तुमच्यापैकी कोण त्याला लगेच वर काढणार नाही, असे प्रभूनेच विचारले. वाफसा निघून जाणे हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने बैल विहिरीत पडण्यापेक्षा फार कमी नाही.

वर्धाकाठ

बैल दर रविवारी विहिरीत पडू लागला तर विहिरीला कठडा बांधावा, बैलाला दोष देऊ नये. बाकी रोमकरांस १४ बद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याच अध्यायात पाळणारा प्रभूसाठी पाळतो असेही म्हटले आहे, एवढे जोडतो.

नागपूरकर

या विषयावर स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलची आठवण होणे साहजिक आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची पात्रता फेरी रविवारी होती, म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि पुढे ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. वचन पाळणाऱ्याचा देव असा सन्मान करतो. कोरडवाहू यांनी निर्धास्त राहावे.

तिफण

नागपूरकर, लिडेलबद्दल मला आदर आहे, पण हे उदाहरण इथे पुरते बसत नाही. शर्यतीचे वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळले होते, म्हणून त्याला ४०० मीटरची तयारी करता आली. पावसाचे वेळापत्रक कोणी छापत नाही. दुसरे असे की पदक गेले असते तर ते त्याचे एकट्याचे गेले असते. त्याची आणखी एक गोष्ट चरित्रांत आहे, ती सभांमध्ये सांगितली जात नाही. पुढे तो चीनमध्ये मिशनरी होता आणि युद्धकाळात जपान्यांच्या स्थानबद्धांच्या छावणीत होता. तिथे रविवारी मुलांच्या खेळांवर देखरेख करायला तो आधी तयार नव्हता, पण कोणी पाहणारे नसल्यामुळे मुलांची भांडणे होऊ लागली, तेव्हा तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला. १९४५ मध्ये त्याच छावणीत त्याचा मृत्यू झाला. पदक सोडणारा आणि शिटी वाजवणारा माणूस एकच होता, आणि दोन्ही वेळा तो वचनच पाळत होता असे मी मानतो.

सरवा

मी बराच वेळ वाचत होते. सगळे भाऊ वावराच्या मालकाच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून लिहिते. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात निंदण आणि कापूस वेचणी करून आम्हाला वाढवती झाली, आणि ती ज्यांच्याकडे कामाला जात असे त्यांत ख्रिस्ती घरेही होती.

कोरडवाहू दादा, तुम्ही निर्गम ३४ वाचले आहे, आता अनुवाद या पुस्तकातले ५:१४ वाचा. तिथे विसावा कोणाकोणाला द्यायचा त्याची यादी आहे: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझे गाढव, तुझ्या वेशीच्या आत असलेला परका. कारणही तिथेच आहे: तुझ्या दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात दास होतास. ही आज्ञा मालकाला दिलेली आहे आणि ती राबणाऱ्यासाठी आहे. आमच्या भागात मी काय पाहिले ते सांगते. मालकाचे कुटुंब इस्त्रीचे कपडे घालून उपासनेला जाते, आणि गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत ठरवलेला सालगडी त्याच वेळी त्यांच्या वावरात डवरा धरून असतो. प्रभूचा दिवस पाळला गेला असे घरातले समजतात. कोणी पाळला?

यशया ५८ मध्ये लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला तरी देव पाहत नाही. उत्तर मिळते की उपासाच्या दिवशीही तुम्ही आपल्या मजुरांना राबवता. त्याच अध्यायाच्या शेवटी शब्बाथ पाळण्याचे अभिवचन आहे. लोक शेवट पाठ करतात आणि सुरुवात गाळतात.

आणि वचनाचे पालन फक्त रविवारी असते काय? वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी बांधावर काटा टांगला जातो. बाई दिवसभराचे गाठोडे अडकवते, काट्यावर समजा एकवीस किलो दिसतात, वहीत वीस लिहिले जातात, कारण एक किलो गाठोड्याच्या फडक्याचा धरायचा. ते फडके म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा. पावशेरसुद्धा भरत नाही. असे प्रत्येक बाईचे, रोज, पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत. लेवीय १९:३५-३६ मध्ये खऱ्या तराजूची आणि खऱ्या वजनाची आज्ञा आहे आणि तिच्यावर "मी परमेश्वर तुमचा देव आहे" अशी सही आहे. ज्या घरात रविवारच्या पेरणीवर वाद होतो त्या घरात फडक्याच्या किलोवरही व्हावा. दादांच्या घरी असे होते, असे मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखतही नाही. पण भरवसा म्हणजे काय हे त्यांनी विचारले म्हणून सांगते की तो एक किलो वहीत लिहायला फार भरवसा लागतो, कारण तो सोडणाऱ्याची साक्ष कोणी व्यासपीठावर घेत नाही.

कोरडवाहू

सरवाताई, राग नाही. आमच्याकडे वेचणीचा दर किलोवर असतो आणि फडक्याचे वजन आम्ही कापत नाही, पण दुसरी गोष्ट आहे ती सांगतो. आमच्या गावचा आठवडी बाजार रविवारी भरतो आणि सगळे मालक मजुरांचा आठवड्याचा चुकारा बाजाराच्या सकाळी करतात. वडील रविवारी पैशाचा व्यवहार करत नाहीत, म्हणून आमच्या मजुरांचा चुकारा सोमवारी होतो. आम्ही याला आजवर प्रभूच्या दिवसाचा मान समजत आलो.

सरवा

म्हणजे तुमच्या मजूर बाया बाजाराच्या दिवशी रिकाम्या पिशवीने फिरतात, किंवा तेल-मीठ उधारीवर आणतात. अनुवाद २४:१५ मध्ये मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे आहे, कारण तो गरीब असून त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. याकोब ५:४ मध्ये अडवलेली मजुरी स्वतः ओरडते. वडिलांना हे दोन दाखले वाचून दाखवा. माझे नाव सांगू नका.

टाळकरी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे, पण कोरडवाहूंच्याच पट्ट्यातला शेतकरी आहे. इथे बोलणे योग्य नसेल तर चालकांनी प्रतिसाद काढून टाकावा. सरवाताईंनी बैलाचा उल्लेख असलेली आज्ञा सांगितली, ती मला फार आवडली. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत, कितीही डवरणी खोळंबली तरी. त्या दिवशी एखाद्याने बैल जुंपला तर गावाला ते पटत नाही.

मला सुचते ते एवढेच की पाळी बदलून घ्यावी. आमच्यातल्या कित्येकांना एकादशीला वावरात जाणे नको असते. पूर्वी सावड, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या वावरात राबण्याची रीत, होती तेव्हा अशा अदलाबदलीत कोणाला काही वाटत नसे. ट्रॅक्टर आला आणि प्रत्येकजण आपापला नंबर धरून बसला. तुम्ही विचारून तर पाहा. नाही म्हणणारे कमी निघतील.

पाळक_ग्रामीण

टाळकरीभाऊंचा प्रतिसाद काढण्याचे काही कारण मला दिसत नाही. मी ग्रामीण मंडळ्यांमध्ये सेवा करतो, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये माझ्या दारात येतो. सविस्तर लिहितो, सांभाळून घ्यावे.

हा पेच आपल्या वऱ्हाडात जन्मलेला नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला तेव्हा शहरातल्या न्यायाधीशांनी, रहिवाशांनी आणि कारागिरांनी काम बंद ठेवावे असे सांगितले, पण शेतकऱ्यांना मोकळीक दिली. कारण दिले ते असे की पेरणीला किंवा द्राक्षवेल लावण्याला बहुधा दुसरा दिवस तितका अनुकूल नसतो. वाफसा हा शब्द त्याला माहीत नव्हता, गोष्ट माहीत होती. पुढे ५३८ मध्ये ऑर्लेआँच्या धर्मसभेने नांगरणी, कापणी यांसारखी शेतीची कामे रविवारी टाळावीत असे ठरवले, आणि हेतू असा सांगितला की लोकांना उपासनेला येता यावे. म्हणजे तिफणभाऊ आणि वर्धाकाठभाऊ यांचा वाद मंडळीत निदान दीड हजार वर्षे चालू आहे, आणि दोन्ही बाजूंना देवभिरू माणसे होती. हे सांगण्याचा हेतू एवढाच की कोरडवाहूंच्या आईने स्वतःला अविश्वासू समजू नये.

भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे यांत फरक आहे. मत्तय ४ मध्ये सैतान प्रभूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून उडी टाकायला सांगतो आणि त्यासाठी स्तोत्र ९१ मधले वचन पुढे करतो. वचन खरे होते, वापर खोटा होता. प्रभूने उत्तर दिले की परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. आम्ही रविवार पाळला, आता पीक दे, नाहीतर तू कसला देव, अशी मनात अट ठेवून पाळलेली आज्ञा त्या उडीच्या जवळची आहे. अब्राहाम आपण कोठे जातो हे ठाऊक नसताना निघाला असे इब्री ११:८ सांगते. त्याने आधी उताऱ्याची नक्कल मागितली नाही.

सरवाताईंनी जो धागा उचलला त्याला एक जोड देतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले आणि बऱ्याच घालमेलीनंतर १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण ही कथा आज्ञापालनाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्या पालनाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही मोजली: काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने, मुलासह. पुढे त्या स्वतः वाचून, पारखून, आपल्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. त्यांच्या आठवणी वाचताना माझ्यासारख्या पाळकाला प्रश्न पडतो की घरातल्या एकाने वचन पाळायचे ठरवले की त्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे त्याने पाहायला नको काय? टिळकांनी थांबायला हवे होते असे मी म्हणत नाही. किंमत दिसायला हवी, एवढेच म्हणतो. रविवारची पेरणी सोडल्यावर उधारीवाल्याला तोंड द्यायला घरात कोण बसते? आई बसत असेल तर आईला विचारल्याशिवाय केलेला त्याग वडिलांचा एकट्याचा नाही.

माझा सल्ला असा. पाळी बदलून मिळत असेल तर बदला. मिळत नसेल आणि दोघांच्या विवेकाला पटत असेल तर पाळी सोडा, पण त्या हंगामात काही कमी आले तर देवावर किंवा आईवर बोट ठेवू नका. आणि खरोखरच पर्याय नसेल तर पेरा. मात्र पुढच्या रविवारी तीच सबब पुन्हा वापरू नका, कारण अडचण एकदा येते आणि सवय तिच्या मागून येते. जून-जुलैमध्ये आमच्या एका मंडळीची उपासना आम्ही सकाळी साडेसहाला ठेवतो. ज्यांना खरेच वावरात जाणे भाग आहे ते प्रार्थना करून जातात, आणि कोणी कोणाच्या चपलांचा चिखल मोजत नाही.

तिफण

पाळकसाहेब, साडेसहाची उपासना ही गोष्ट आमच्या मंडळीत मांडतो. आमच्याकडे दहाला सुरू होऊन एकला संपते, मग अर्धी मंडळी हंगामात येतच नाही आणि त्यावर एक प्रवचन होते.

कोरडवाहू

उशिरा लिहितो आहे, मधल्या काळात घरी बोलणे झाले. दोन्ही दाखले मी वडिलांना वाचून दाखवले, नाव सांगितले नाही. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले की चुकारा शनिवारी संध्याकाळी करायचा, कापसाचे पैसे आले नसतील तरी करायचा. त्यासाठी हातात रोकड लागेल, तेव्हा खताचे एक पोते कमी आणायचे असे आईने सुचवले. पाळीबद्दल मी शेजारच्या वावरवाल्याला विचारले. तो लगेच तयार झाला; रविवारी तो पेरेल, त्याची मंगळवारची पाळी आमची. मंगळवारपर्यंत वाफसा टिकला नाही तर आणखी थांबावे लागेल, आणि आईने त्याला होकार दिला आहे. वडिलांनी तिला विचारले, हे मी माझ्या समोर पहिल्यांदाच पाहिले.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही. रविवारी आमच्या जागी शेजाऱ्याचे वावर पेरले जाईल, म्हणजे ट्रॅक्टर चालवणारा पोरगा त्या दिवशीही कामावर असणारच. तो मालकाचा नोकर आहे, ख्रिस्ती नाही. अनुवाद ५:१४ मधल्या यादीत तो कुठे बसतो?

वर्धाकाठ

वेशीच्या आत असलेला परका. पण तो तुमच्या वेशीत नाही, ट्रॅक्टरमालकाच्या वेशीत आहे.

सरवा

हंगामभर तो गावातल्या प्रत्येकाचे वावर पेरतो आणि कोणाच्याच वेशीत नाही, हे मला पटत नाही. मंगळवारी तो तुमच्याकडे येईल तेव्हा त्याला शेवटची सुट्टी केव्हा मिळाली ते विचारा, आणि दुपारच्या जेवणाला धुऱ्यावर न बसवता घरी घेऊन जा. ट्रॅक्टर तेवढा वेळ बंद राहिला तर भाड्याचे तासाप्रमाणे पैसे कापू नका म्हणून मालकाशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर ते त्याच्या रोजातून जातील.

कोरडवाहू

भाडे आमच्याकडे एकरावर ठरते, तासावर नाही, त्यामुळे तो अडसर नाही. मालकाशी उद्या बोलतो.